हात धुतले, पण केव्हा? साथीच्या काळात रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

कोविडच्या पहिल्या दोन लाटांत कोल्हापुरातील एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाची परिचारिका म्हणून काम करताना कोण, केव्हा आणि कसे हात स्वच्छ करतो हे वॉर्डात उभे राहून टिपणे, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. आळस हा मुख्य दोष नव्हता. डॉक्टरांपासून सफाई करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांनी त्या काळात जेवढे हात धुतले, तेवढे आधीच्या साऱ्या नोकरीत धुतले नसतील. दोष वेळेचा होता. रुग्णापासून दूर होताना हात आठवणीने स्वच्छ केले जात, रुग्णाजवळ जाताना मात्र नाही. आपण विषाणू घरी नेऊ ही भीती स्वाभाविकच होती, पण खाटेवरच्या माणसाचे रक्षण त्या भीतीने होत नव्हते.

स्पर्शाआधीची स्वच्छता विसरणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुकपणे करायच्या प्रक्रियेपूर्वी, रक्त किंवा इतर शरीरद्रवांचा संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यांतील शेवटच्या तीन वेळा माझ्या वहीत बहुधा पाळलेल्या दिसत आणि पहिल्या दोन वारंवार कोऱ्या राहत. केसपेपरवर नोंद करायची, पेन खिशात ठेवायचे, मध्येच आलेला फोन घ्यायचा आणि त्याच हाताने सलाईनच्या नळीचे टोक उघडायचे, हा क्रम इतका सवयीचा झाला होता की त्यात काही चुकते आहे असे कोणालाच वाटत नसे. त्यातच अनेक रुग्णांना स्टिरॉइड दिलेले असल्यामुळे त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली होती. कोरोनातून वाचलेला माणूस आपल्याच हातांवरच्या दुसऱ्या जंतूने दगावू शकतो, हे ध्यानात घेणे तेव्हा अधिक गरजेचे होते.

व्हिएन्नातील इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ साली शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना प्रसूतीच्या रुग्णांची तपासणी करण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्यांचा सगळा भर ‘पूर्वी’ या शब्दावर होता, आणि नेमका तोच शब्द आपण गाळतो.

यावर व्याख्यानांचा फारसा उपयोग होत नाही. बाटलीची जागा बदलल्याने होतो. आमच्याकडे सॅनिटायझर वॉर्डाच्या दाराशी टांगलेला असे, म्हणजे तो बाहेर पडणाऱ्यांच्या सोयीचा होता. बाटल्या खाटांच्या पायथ्याशी, हात लांब केला की लागतील अशा ठेवल्यावर स्पर्शापूर्वीच्या नोंदी आपोआप वाढू लागल्या.

हातमोजे म्हणजे स्वच्छ हात, हा समज

माझ्या मते साथीतली सर्वांत महागात पडणारी चूक हीच होती. पीपीई किटमध्ये शिरलेला कर्मचारी दोन-दोन हातमोजे चढवून पूर्ण पाळी त्यांवरच काढत असे. एकदा एका वॉर्डमामाने ऑक्सिजन सिलिंडरची चावी फिरवली आणि त्याच हाताने शेजारच्या खाटेवरील आजींच्या ओठांना पाण्याचा ग्लास लावला. मी अडवले तेव्हा त्यांनी निरागसपणे उत्तर दिले, “सिस्टर, ग्लोव्हज हायती की!” हातमोज्यांमुळे त्यांचा स्वतःचा हात काही प्रमाणात सुरक्षित होता, हे खरे आहे. आजींच्या दृष्टीने मात्र ती जंतूंनी माखलेली दुसरी त्वचाच होती.

हातमोज्यांवर सॅनिटायझर चोळून पुढच्या खाटेकडे जाणे हाही त्यावरचा उपाय नव्हे. एकदाच वापरायचे हातमोजे अल्कोहोलने वारंवार पुसण्यासाठी बनवलेले नसतात. त्यांचे रबर कमकुवत होते आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रे त्यांत मुळातही असू शकतात. रुग्ण बदलला की हातमोजे बदलले पाहिजेत, आणि ते घालण्यापूर्वी व काढल्यानंतर हात स्वच्छ केलेच पाहिजेत. साठा अपुरा असेल, तर सरसकट सगळ्या कामांना हातमोजे वापरण्याऐवजी रक्त, शरीरद्रव आणि खरोखर दूषित वस्तूंशी संबंध येणाऱ्या कामांसाठी ते राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. किट उतरवतानाही फक्त शेवटी एकदा हात धुणे पुरेसे नसते. बाहेरचा थर काढताना हात दूषित होतात आणि पुढच्याच पायरीला तेच हात चेहऱ्याजवळ जातात, म्हणून प्रत्येक पायरीनंतर सॅनिटायझर लावावा.

पावडर असलेले हातमोजे काढून लगेच सॅनिटायझर चोळला, तर हातावर चिकट गोळ्या तयार होतात, आणि मग “हे सॅनिटायझरच भेसळीचे आहे” अशी तक्रार भांडारापर्यंत पोहोचते. दोष बहुतेक वेळा पावडरचा असतो. अशा वेळी हात साबणाने धुवावेत आणि पुढची खरेदी पावडरविरहित हातमोज्यांची करावी.

दोन थेंब आणि पाच सेकंद

अल्कोहोलयुक्त द्रव हाताचा सगळा पृष्ठभाग भिजेल इतका, म्हणजे ओंजळीत साठेल एवढा घेऊन २० ते ३० सेकंद चोळावा लागतो, तर साबणाने हात धुण्याची संपूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची असते. घाईत तळहात तेवढे चोळले जातात. अंगठे, बोटांची टोके आणि हाताची मागची बाजू कोरडीच राहते. रुग्णाला सर्वाधिक स्पर्श बोटांच्या टोकांचाच होतो, हे वेगळे सांगायला नको. हात ओले असतील, तर अल्कोहोल पातळ होऊन त्याचा परिणाम घटतो, म्हणून आधी हात कोरडे करावेत. चोळून झाल्यावर तो पूर्ण वाळू द्यावा. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ ओल्या हाताने काम करणे आगीच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना स्पिरिटचे नवल नाही. २०२० मध्ये साखर कारखान्यांच्या आसवनींनी सॅनिटायझर बनवायला सुरुवात केली, तेव्हा “शुद्ध अल्कोहोल जास्त जोरदार नाही का?” असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. जंतूंमधील प्रथिने नष्ट होण्यासाठी पाण्याचा अंश आवश्यक असतो. त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रांमध्ये इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के असते. ही सूत्रे वापरून रुग्णालयातच द्रव तयार केला, तर बाटल्या भरल्यानंतर ७२ तास तशाच ठेवाव्यात, म्हणजे बाटलीत किंवा अल्कोहोलमध्ये असलेले जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कठीण कवचातली सुप्त रूपेही, त्यातील हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे नष्ट होतात. अर्धवट रिकाम्या बाटलीत वरून नवा द्रव ओतण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे.

कोरोना विषाणूचे आवरण मेदाचे असल्यामुळे साबण आणि अल्कोहोल या दोहोंनीही तो निष्प्रभ होतो. परंतु हात डोळ्यांना दिसेल इतके मळलेले असतील किंवा क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूमुळे जुलाब झालेला रुग्ण असेल, तर सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण त्या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे.

बांगड्या, अंगठ्या आणि नखे

कोपरापासून खाली काहीही नसावे, हा नियम लिहायला सोपा आणि पाळायला कठीण आहे. नव्याने लग्न झालेल्या सिस्टरला हिरव्या बांगड्या उतरवायला सांगणे, किंवा मावशींच्या मनगटावरचा जोतिबाचा दोरा सोडायला लावणे, हे फलक लावून होत नाही. तो दोरा ओला राहतो आणि अंगठीखालची त्वचा धुतली जात नाही, हे एकांतात आणि आदराने समजावले, दागिने सुरक्षित ठेवायला कुलूपबंद कप्पा दिला, की बहुतेकजणी ऐकतात. नखे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असावीत आणि कृत्रिम नखे अजिबात नसावीत.

हात फुटले म्हणून स्वच्छता टाळणे

भेगा पडलेल्या हातावर अल्कोहोल झोंबते, म्हणून कर्मचारी ते टाळतो. भेगांत जंतूही अधिक काळ टिकतात. हात फुटण्याचे कारण बहुधा साबणानंतर लगेच सॅनिटायझर लावण्याची दुहेरी सवय आणि कढत पाणी हेच असते. दोन्ही एकामागून एक करण्याची गरज नाही. हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या द्रावणाच्या, घमेल्यात हात बुडवणे हा तर शुद्ध अघोरीपणा होता. ते द्रावण फरशीसाठी आणि सांडलेल्या रक्तासाठी आहे. कामाची पाळी संपल्यावर मलम जरूर लावावे, मात्र लॅटेक्सचे हातमोजे घालण्यापूर्वी तेलकट मलम लावू नये, त्याने लॅटेक्स खराब होते.

पाणी आणि बाटली, दोन्ही संपल्यावर

जुलै २०२१ मध्ये साथ चालू असतानाच पंचगंगेला पूर आला आणि शहराचा नळपाणीपुरवठा विस्कळीत झाला. तेव्हा टँकरच्या पाण्यावर बेसिन चालवण्यापेक्षा दिसायला स्वच्छ असलेल्या हातांसाठी सॅनिटायझर आणि मळलेल्या हातांसाठी तोटी बसवलेले झाकणबंद पिंप, अशी विभागणी आम्ही केली. बादलीत तांब्या बुडवून हात धुणे किंवा सगळ्यांनी एकाच टॉवेलला हात पुसणे, हे टंचाईतही चालणार नाही. कागदी रुमाल नसतील, तर हात हवेत वाळू द्यावेत.

बाटल्या सकाळी आठला भरल्या जात आणि पाहणी दुपारी होत असे. पहाटे तीन वाजता एकदा मी अचानक वॉर्डात गेले, तेव्हा बारा खाटांपैकी सात बाटल्या रिकाम्या होत्या, आणि भांडाराची किल्ली दिवसपाळीच्या इनचार्जच्या पर्समध्ये तिच्या घरी होती. दुसऱ्या दिवसापासून रात्री दहाच्या कामसोपवणीत बाटल्या तपासण्याचा रकाना घातला आणि किल्लीची दुसरी प्रत वॉर्डात ठेवली.