बडोद्यात बसून न्यू इंग्लंडच्या प्युरिटन घराण्याचं मूळ कसं शोधायचं

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, कुठल्याही मराठी घरात जा, घरटी कोणीतरी अमेरिकेत असतंच, लग्नंही तिकडेच होतात आणि मग नातवंडं शाळेचा फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट घेऊन व्हिडिओ कॉलवर येतात. आपल्या बाजूचं आपण धडाधड सांगतो, कपाटातून कुलवृत्तांत काढतो, गोत्र कुलदैवत सगळं लिहून देतो, पण जावयाच्या बाजूला पणजोबांच्या पुढे कागद कोरा. त्यात जावई मॅसॅच्युसेट्स नाहीतर कनेक्टिकटच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या, जुन्या घरातला असला तर उलट नशीबच म्हणायचं, कारण साध्या शेतकऱ्यांच्या आणि सुतारांच्या नोंदी १६३० च्या दशकापासून इतक्या नीट ठेवलेला मुलूख सहसा सापडत नाही. माझ्या पुतणीच्या मुलांसाठी मी हे काम करतेय आणि त्यात मनापासून रमले आहे, म्हणून जे कामाला येतं ते लिहिते.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. मेफ्लॉवर जहाज १६२० ला प्लिमथला लागलं, त्यात १०२ प्रवासी होते आणि पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मे गेले, हे लोक पिलग्रिम, त्यांतले बरेच चर्च ऑफ इंग्लंडपासून पूर्ण वेगळे झालेले. ज्यांना प्युरिटन म्हणतात, म्हणजे त्याच चर्चमध्ये राहून ते शुद्ध करू पाहणारे, त्यांचा मोठा लोंढा १६३० ला जॉन विन्थ्रॉपच्या ताफ्याबरोबर बॉस्टनकडे आला आणि १६४० च्या सुमारास थांबला, कारण इंग्लंडमध्येच राजा आणि पार्लमेंटची जुंपली, तेव्हा घर सोडून पळायचं कारणच उरलं नाही. १६२० ते १६४० या वीस वर्षांत २०,००० च्या आसपास माणसं आली, बहुतेक बायकामुलांसकट. त्यामुळे "आमचे पूर्वज मेफ्लॉवरवर होते" असं जावयाच्या घरी कोणी म्हणालं तर ऐकून घ्या, वहीत लिहा, पण तिथून सुरुवात करू नका.

सुरुवात आजपासून, म्हणजे जिवंत माणसापासून मागे. विहीणबाईंना एक साधी ईमेल टाका, त्यात त्यांच्या आणि त्यांच्या यजमानांच्या आईवडिलांची आणि आजीआजोबांची पूर्ण नावं, बायकांची माहेरची आडनावं, कोणत्या टाउनमध्ये जन्मले, कुठे पुरले, आणि घरात जुनं बायबल आहे का, एवढं विचारा. बायबल आवर्जून विचारायचं कारण त्याच्या मधल्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. अशी पानं असतील तर फोटो मागवा, आणि त्याबरोबर बायबल छापल्याचं वर्ष असलेल्या पानाचाही, म्हणजे नोंदी त्या काळात होता होता लिहिल्यात की पन्नास वर्षांनी आठवून लिहिल्यात ते कळतं.

मग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट अकाउंट काढा. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी, पहिली १७९० ला. १८८० पासून घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं सापडतं, १८५० पासून घरातल्या सगळ्यांची नावं, आणि १८४० पर्यंत मात्र फक्त घरच्या कर्त्याचं नाव, बाकीचे नुसते आकडे, अमुक वयाचे इतके पुरुष इतक्या बायका. १८९० ची बहुतेक सगळी आगीच्या प्रकारात गेली, ती शोधत बसू नका.

आणि इथेच खरा घाट लागतो. लोकांना वाटतं १६३० अवघड असणार, पण काम अडतं ते १७९० ते १८४० मध्ये. क्रांतियुद्ध, म्हणजे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, संपल्यावर न्यू इंग्लंडची तरुण पोरं दगडाळ जमिनी सोडून व्हर्माँट, न्यूयॉर्कचा वरचा भाग आणि ओहायोकडे निघाली, आणि न्यूयॉर्कमध्ये जन्ममृत्यूची राज्यपातळीवरची नोंद १८८० च्या सुमाराला सुरू झाली. म्हणजे माणूस ओहायोत १८५० च्या जनगणनेत दिसतो, जन्म मॅसॅच्युसेट्स असा लिहिलेला, पण कोणाचा मुलगा ते कुठेच नाही. अशा वेळी तीन ठिकाणी बघा. एक म्हणजे क्रांतियुद्धाच्या पेन्शनच्या फाइली. १८३२ च्या कायद्याने म्हाताऱ्या सैनिकांना आणि १८३६ पासून बऱ्याच विधवांना पेन्शन मिळू लागलं आणि लग्नाचा पुरावा द्यायचा म्हणून कित्येक बायकांनी घरच्या बायबलचं पान फाडून अर्जाला जोडलं, ती पानं आजही त्या फाइलींत आहेत आणि स्कॅन झालेली आहेत. दुसरं म्हणजे जमिनीची खरेदीखतं, कारण ओहायोत बसलेली चार भावंडं बापाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या शेतातला आपला हिस्सा विकतात तेव्हा त्या एका कागदात सगळ्यांची नावं, लेकींचे नवरे आणि बापाचं नाव असं सगळं येतं. तिसरं म्हणजे मृत्युपत्रं. फॅमिलीसर्चवर आता फुल टेक्स्ट सर्च आहे, हाताने लिहिलेली खतं आणि मृत्युपत्रं मशीनने वाचून ठेवलीत, आडनाव आणि टाउन टाकलं की पान समोर येतं. पूर्वी ज्याला महिने लागायचे ते काम यात होतं, पण मशीन अक्षर चुकीचं लावतं, मूळ पानाचा फोटो स्वतः वाचल्याशिवाय नाव उतरवून घेऊ नका.

एकदा माणूस १७९० च्या आधी न्यू इंग्लंडच्या एखाद्या टाउनमध्ये पक्का बसला की पुढचं बरंच सोपं. मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टाने (हे न्यायालय नाही, तिथलं कायदेमंडळ) १६३९ लाच जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायचा हुकूम काढला होता, त्यामुळे नोंदी टाउन क्लर्ककडे असतात. लग्न तर प्युरिटनांच्या मते सरकारी करार, पाद्री नाही तर मॅजिस्ट्रेट लावायचा, म्हणून सुरुवातीच्या काळातलं लग्न चर्चच्या वहीत शोधून सापडायचं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच टाउनच्या १८५० पर्यंतच्या नोंदी आडनावाप्रमाणे लावून पुस्तकरूपात छापल्यात, कनेक्टिकटसाठी बार्बर कलेक्शन, र्‍होड आयलंडसाठी आर्नल्डची पुस्तकं. बहुतेक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. १७०० पूर्वीच्या लग्नांसाठी टॉरीची यादी आहे, त्यात जोडप्याचं नाव सापडलं की बायकोचं माहेर कळायची शक्यता खूप वाढते.

तारखांचं नीट समजून घ्या, इथे भलेभले अडकतात. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, आणि प्युरिटनांना जानेवारी मार्च ही देवांची रोमन नावं नको असायची म्हणून ते महिन्याला आकडा लावायचे, पहिला महिना मार्च, अकरावा जानेवारी, बारावा फेब्रुवारी. आपल्या बडोदेकरांना हे पटकन कळेल, कारण आपलं वर्ष चैत्रात पाडव्याला बदलतं आणि शेजारच्या गुजराती घरातलं दिवाळीनंतर, एकाच जिन्यावर दोन नवी वर्षं. तर वहीत "१२ : ११ : १६५१" दिसलं की ते डिसेंबर किंवा नोव्हेंबर नाही, अकराव्या महिन्याची १२ तारीख, म्हणजे १२ जानेवारी, आणि आपल्या हिशोबाने वर्ष १६५२. हे दोन्ही दिसावं म्हणून १६५१/५२ असं लिहायची पद्धत आहे, तुम्हीही तसंच लिहा. हे कळलं नाही तर काय होतं बघा. लग्न मे १६५० चं आणि पहिलं मूल फेब्रुवारी १६५० चं दिसतं, वाटतं मूल आधी झालं, पण तो फेब्रुवारी आपला १६५१, सरळ नऊ महिने. आणि ज्यांना खरंच लवकर मूल झालं त्यांना कोर्टात उभं करून दंड व्हायचा, त्याच्याही नोंदी आहेत, म्हणजे विनाकारण कोणावर ठपका ठेवायच्या आधी आकडे मोजा. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, मधले ११ दिवस नाहीतच.

नावांबद्दल थोडं. टाउनच्या वहीत सीनियर ज्युनियर लिहिलं की बापलेक समजू नका, त्याच गावात एकाच नावाची दोन माणसं असली की वयाने मोठा तो सीनियर, मग तो काका असो की नात्यातला नसलेला कोणी. मृत्युपत्रात कझिन म्हणजे बरेचदा पुतण्या किंवा भाचा, आणि सन-इन-लॉ म्हणजे बायकोचा आधीच्या नवऱ्याचा मुलगाही असतो. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे, त्यामुळे एकाच आईबापाचे दोन जॉन सापडले तर गोंधळू नका. आणि इन्क्रीज, होपस्टिल, थँकफुल, सायलेन्स ही माणसांचीच नावं आहेत. होपस्टिल बाईही असते आणि बाप्याही, तेव्हा नावावरून ठरवू नका.

मला विचाराल तर सगळ्यात जिवंत कागद म्हणजे मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी. शेजारचे दोनतीन जण घरात जाऊन खोलीखोलीतून फिरत किंमत लावत जायचे, पिसांची गादी, लोखंडी भांडं, प्यूटरच्या ताटल्या, बायबल, बंदूक, गाय, शेतात उभा मका. वाचता वाचता आपण त्या घरातून चालतोय असं होतं. मृत्युपत्रात "माझी प्रिय पत्नी" एवढंच असेल, नाव नसेल, तर पुढे मुलांनी केलेल्या खतांत आईचा वाटा सोडायचा उल्लेख शोधा. थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा द्यायची रीत होती, त्यावरून कोण थोरला ते कळतं. याच याद्यांत कधी गुलाम केलेल्या आफ्रिकन किंवा मूळनिवासी माणसांचीही किंमत लावलेली असते, गाईबैलांच्या ओळीत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४१ च्या कायद्याने गुलामी चालू ठेवली होती. अशी ओळ दिसली तर ती वगळू नका, नाव असेल तर नावासकट तुमच्या कागदात उतरवा, नातवंडांनाही सांगा. त्या माणसांच्या वंशजांना बरेचदा एवढा एकच कागद असतो.

आता पहिल्या पिढीपर्यंत पोचलात की रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांचं काम बघा, ग्रेट मायग्रेशन प्रोजेक्ट, बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जेनिऑलॉजिकल सोसायटीने १९८८ पासून चालवलेला. १८४५ ला स्थापन झालेली ही संस्था, तिची अमेरिकन ॲन्सेस्टर्स साइट पैसे भरून वापरायची, पण तिकडच्या बऱ्याच पब्लिक लायब्ररींत अशा साइट्स फुकट उघडतात, मुलीला नाहीतर जावयाला एक शनिवार पाठवा. लायब्ररीवरून आठवलं, आपल्या सेंट्रल लायब्ररीची घडी बसवायला सयाजीराव महाराजांनी १९१० ला बोलावलेले विल्यम बोर्डन हे न्यू हेवनहून आले होते, आणि न्यू हेवन १६३८ ला प्युरिटनांनीच वसवलेलं. असो. अँडरसन प्रत्येक माणसाचं मूळ गाव, कधी आला, कुठे कुठे राहिला, चर्चचा सभासद कधी, फ्रीमन म्हणजे मताचा हक्क असलेला नागरिक कधी झाला, जमीन, मुलं, सगळं पुराव्यासकट देतात, आणि पुरावा नसेल तिथे मूळ अज्ञात असं स्वच्छ लिहितात. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून चर्चचा सभासद असल्याशिवाय फ्रीमन होता येत नव्हतं, म्हणून त्या यादीत नाव दिसलं की दोन गोष्टी एकदम कळतात. जुना संदर्भ म्हणजे सॅव्हेजचा चार खंडांचा कोश, १८६० ते १८६२ चा, उपयोगी आहे पण त्यानंतर बरंच सुधारलंय.

छापलेल्या कुलवृत्तांतांवर आणि ऑनलाइन ट्रींवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. तीन भाऊ एकत्र जहाजाने आले ही कथा असंख्य घराण्यांत आहे, पुराव्याने फार कमी वेळा टिकते. गुस्ताव आन्जू नावाचा माणूस तर श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी बनवून द्यायचा, आणि त्याच्या नोंदी अजून ट्रींमध्ये फिरतायत. विकीट्री या सगळ्यांनी मिळून भरायच्या वंशावळीच्या साइटवर १७०० पूर्वीच्या माणसांना हात लावायला वेगळी परवानगी लागते, तिथली पानं म्हणून जरा बरी, तरी खाली दिलेला पुरावा उघडून बघाच.

शेवटचा टप्पा इंग्लंडचा. पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, वह्या १५३८ पासून सुरू होतात, आणि बरेच प्युरिटन सफोक, एसेक्स, नॉरफोक या पूर्वेकडच्या भागातले. पण त्याच नावाचा बाप्तिस्मा सापडला म्हणजे तोच माणूस असं होत नाही. जहाजांच्या याद्या थोड्याच उरल्यात, त्यामुळे मूळ शोधायला त्याच्या आसपासची माणसं धरा, कोणाच्या शेजारी जमीन मिळाली, मृत्युपत्रावर साक्षीदार कोण, मुलीचं लग्न कोणाच्या घरात. मॅसॅच्युसेट्समधलं हिंगहॅम घ्या, तिथले खूपसे लोक नॉरफोकच्या हिंगहॅममधूनच आले आणि गावाचा टाउन क्लर्क डॅनियल कुशिंग याने कोण कोणत्या वर्षी आलं याची यादीच करून ठेवली. अशा वेळी शेजाऱ्याच्या गावच्या वहीत तुमचं आडनाव बघायचं. सापडलंच, तर त्याच वहीत पुढे त्या मुलाचं दफन, किंवा जावयाचा पूर्वज अमेरिकेत आल्यानंतरच्या वर्षातलं त्याचं तिथलंच लग्न लिहिलंय का ते पानन्‌पान तपासा. असेल तर तो माणूस तुमचा नाही, दुसऱ्या पॅरिशकडे वळा.