टोमॅटोला खत: जमिनीतून काय, पानावर काय

टोमॅटोचं पोट मातीतून भरतं, फवारणी ही फक्त जोड. नत्र, स्फुरद, पालाश या पिकाला किलोंनी लागतात आणि पानांतून जातात ते ग्रॅमच. त्यामुळे फवारणीच्या भरवशावर जमिनीतली मात्रा कमी करा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

लागवडीच्या वेळी स्फुरद पूर्ण द्या, नत्र आणि पालाश थोडं. उरलेलं दोन-तीन हप्त्यांत. नेमकी मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. दाणेदार खत खोडापासून १०-१५ सेंटिमीटर लांब, गोल चर काढून टाका, मातीआड करा आणि लगेच पाणी द्या. युरिया उघडा राहिला तर त्यातलं नत्र हवेत उडून जातं.

फवारणीत सुरुवातीला १९:१९:१९ (हे आकडे पाण्यात विरघळणाऱ्या खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे), फुलोऱ्यात ००:५२:३४, फळं पोसताना १३:००:४५. लिटरला ३ ते ५ ग्रॅम, त्यापुढे नाही. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. पानं खालच्या बाजूनेही भिजली पाहिजेत. भर उन्हात थेंब लगेच सुकतात, क्षार पानावर उरतात आणि कडा करपतात.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. घोळ होतो तो फळ धरल्यावर, कॅल्शियमच्या बाबतीत. मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली. फळाच्या बुडाशी आधी पाणी मुरल्यासारखा डाग दिसतो, मग तो काळा, बसका, चामड्यासारखा होतो. लोक लगेच बुरशीनाशक मारतात. पैसे वाया! ही बुरशी नाही, फळाला कॅल्शियम कमी पडलंय. डागावर पुढे बुरशी चढते, पण ती नंतरची गोष्ट.

आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं. पानांतून पाणी भरपूर उडतं म्हणून ते पानांकडे जातं, फळाच्या वाट्याला थोडंच येतं. पानात गेलेलं कॅल्शियम मागे फिरून फळात येत नाही. म्हणून नुसती पानं भिजवणारी कॅल्शियमची फवारणी फळाच्या उपयोगाची नाही. मारायचीच तर फळं गोटीएवढी असताना, थेट घोसांवर मारा. फळ मोठं झालं, साल चकाकू लागली की आत काही शिरत नाही.

खरा इलाज पाण्यात आहे. चार दिवस कोरडं आणि मग एकदम धो-धो पाणी, असं अजिबात करू नका. थोडं थोडं, नेमाने द्या, आच्छादन घाला. याच काळात युरिया आणि अमोनियम सल्फेटही थांबवा, युरियाचंही मातीत अमोनियमच होतं आणि अमोनियममुळे मुळं कॅल्शियम कमी उचलतात. नत्र हवंच असेल तर कॅल्शियम नायट्रेटमधून द्या.

पण कॅल्शियम नायट्रेट ००:५२:३४ किंवा कुठल्याही सल्फेटबरोबर एका टाकीत कालवू नका. पाणी दुधाळ होतं, तळाशी साका बसतो, नोझल तुंबतं आणि दोन्ही खतं फुकट जातात. मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या, पंप धुऊन घ्या, मगच दुसरं खत भरा.