लेकराचे दात घासायचे तर आधी त्याची मान सांभाळा

आमचा लेक चौदा वर्षांचा आहे, सीपी आहे (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर ताबा राहत नाही), बोलत नाही, मान पूर्ण धरत नाही आणि तोंडात काही गेलं की दात गच्च आवळून घेतो. दोन वर्षांमागं त्यानं अचानक भाकरी खायची सोडली, रात्री उठून कानावर हात आपटायचा, फिट्सपण वाढल्या, म्हणून आम्ही कान दाखवला, पोट दाखवलं, आणि शेवटी आठ-दहा दिवसांनी कळालं की सगळ्यात मागची दाढ किडून आतपर्यंत गेलीय. आठ-दहा दिवस पोरगं ठणका सोसत होतं आणि त्याला सांगता येत नव्हतं. तेव्हा न बोलणारं मूल एका बाजूनंच चावायला लागलं, गार पाण्याला तोंड फिरवायला लागलं, गाल-कान बडवायला लागलं, एकदम जास्त लाळ यायला लागली, तर पहिल्यांदा मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात बघा.

त्यात पहिल्या दवाखान्यात खुर्ची एकदम आडवी केली आणि पाण्याचा फवारा सुरू केला, लेकाला गिळता आलं नाही, ठसका लागून ओठ निळे पडायला लागले, मीच उचलून बसवलं त्याला. म्हणून हे सगळं लिहितेय, आणि सुरुवात बसण्यापासून करतेय.

घरी ब्रश करताना मी बेसिनवर नेत नाही. गादीवर भिंतीला टेकून बसते, त्याला माझ्या पायांच्या मधे घेते, त्याची पाठ माझ्या पोटाला, डोकं माझ्या डाव्या दंडात, डाव्या हातानं हनुवटी धरायची आणि उजव्या हातात ब्रश. त्याच्या गुडघ्याखाली उशी, कारण पाय दुमडलेले असले की अंग ताठ होत नाही, हे फिजिओच्या मॅडमनी शिकवलेलं. हनुवटी किंचित छातीकडं झुकलेली पाहिजे. डोकं मागं गेलं की लाळ आणि पेस्ट श्वासनळीत जायची भीती असते, ठसक्याचं मूळ तिथंच आहे. व्हीलचेअरमधे बसणाऱ्या मोठ्या मुलाच्या मागं उभं राहून डोकं आपल्या छातीला टेकवून पण छान जमतं.

ब्रश एकदम तोंडात घालू नका. आधी खांदा, मग गाल, मग ओठ असा हात फिरवत या, रोज त्याच क्रमानं आणि त्याच वेळेला, म्हणजे अंगाला कळतंय आता काय होणार. दात आवळत असेल तर मेडिकलमधे जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या मिळतात, त्यातल्या चार-पाच एकावर एक ठेवून वर गॉज गुंडाळा आणि चिकटपट्टी लावा, ते एका बाजूच्या दाढांमधे ठेवायचं आणि दुसरी बाजू घासायची. पुढच्या दातांवर ठेवू नका, आणि हलणारा दात असेल तर अजिबात नको, दात तुटून घशात जाईल. आणि आपलं बोट दातांच्या मधे कधीच घालायचं नाही, मूल मुद्दाम चावत नाही हो, ती त्याच्या स्नायूंची ओढ असते, पण बोट फुटतंय. ब्रश पकडला तर ओढू नका, थांबा, जबडा आपोआप सैल पडतो.

पेस्ट फ्लोराईडवाली घ्या, ट्यूबवर १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं असतं. तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी, आणि मोठं मूल पण थुंकू शकत नसेल तर नुसता पुसट थर. चूळ भरायची गरज नाही, उरलेलं ओल्या गॉजनं टिपून घ्यायचं. आमच्या सासूबाई प्रेमापोटी त्याच्या हिरड्यांना मिश्री लावायच्या, आपल्याकडं घरोघरी ती सवय आहे, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, ती लेकरांच्या तोंडात नकोच. सासूबाईंना मी भांडून नाही, डॉक्टरांसमोर बसवून समजावलं.

आता खाण्याचं. गोड किती दिलं यापेक्षा दिवसातनं किती वेळा दिलं आणि तोंडात किती वेळ राहिलं हे जास्त महत्त्वाचं. ज्यांची जीभ-गाल नीट हलत नाहीत त्यांच्या तोंडात घास तासभर तसाच राहतो. तासगावचा बेदाणा आपल्याला पौष्टिक वाटतो, आहेच, पण तो दाढेत चिकटून बसतो आणि आमच्या लेकाला जिभेनं काढता येत नाही. गुळात कालवून दिलेली गोळी तशीच. सिरपमधे साखर असते, तर औषधानंतर पाणी पाजा किंवा गॉज फिरवा, आणि बिनसाखरेचं मिळतं का विचारा. फिटसाठी फेनिटॉईन चालू असेल तर हिरड्या फुगून दातांवर चढतात, लाळ कमी करायच्या गोळीनं तोंड कोरडं पडून कीड लवकर लागते. घाबरून औषध मनानं बंद करू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा आणि ब्रश मात्र जास्त नीट करा. नळीतनं खाणाऱ्या मुलाला ब्रश कशाला असं बरेचजण म्हणतात, उलट त्यांच्या दातांवर टार्टर, म्हणजे दगडासारखा कडक थर, लवकर चढतो आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

फिजिओला येणाऱ्या एका ताईंच्या मुलाला डुशेन आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार, त्यांच्यासाठी गोष्टी वेगळ्या आहेत. डुशेनच्या मुलाला पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर वासाची भूल आणि सक्सिनिलकोलीन नावाचं इंजेक्शन टाळावं लागतं, त्यानं स्नायू फुटून रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. भूलतज्ज्ञांना हे दाढ काढायच्या दिवशी नाही, आधीच सांगायचं. झोपेच्या औषधानं श्वास मंदावतो, म्हणून छोट्या दवाखान्यात तसलं काही करून घेऊ नका. स्टेरॉईड चालू असेल तर तेही सांगा, आणि हाडांसाठी बिस्फॉस्फोनेटची इंजेक्शनं सुरू करणार असतील तर त्याआधी दात तपासून काढायचे ते काढून घ्या, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. हाताची ताकद जाते तसं मुलगा स्वतः ब्रश करायचं सोडतो पण लाजून सांगत नाही. टेबलावर कोपर टेकवून जाड मुठीचा किंवा बॅटरीवाला ब्रश दिला तर बरीच वर्षं त्याचं तो करतो.

हृदयाला जन्मापासून छिद्र किंवा व्हॉल्व्हचा त्रास असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागेल का हे हृदयाच्या डॉक्टरांकडनं लिहून घ्या, सगळ्यांना लागत नाही पण ज्यांना लागतो त्यांना चुकवून चालत नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांची मान जपा, मणके सैल असू शकतात. दात उशिरा येतात म्हणून काळजी करू नका, पण हिरड्या लवकर खराब होतात. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असेल तर फॅक्टरची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या इंजेक्शनची, सोय केल्याशिवाय साधं सुन्न करायचं इंजेक्शनपण नको.

कुठं न्यायचं? सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि वसंतदादा पाटलांच्या नावाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, कराडला कृष्णाचं. लहान मुलांच्या दातांचा विभाग, पेडो म्हणतात त्याला, तो विचारा. पहिला वाढदिवस व्हायच्या आतच एकदा दाखवा, दुखणं नसताना गेलं की मूल खुर्चीला घाबरत नाही. आमचा लेक दर तीन महिन्यांनी जातो, फ्लोराईड वार्निश लावतात, एका दाढेला एसडीएफ (चांदी आणि फ्लोराईडचं कीड थांबवणारं औषध) लावलं, किडलेली जागा काळी पडली पण मशीन न लावता कीड थांबली. दिसायला काळं दिसतं हे आधीच सांगते. सीपी असेल तर सरकारच्या निरामय आरोग्य विम्याचं बघा, वर्षाला १ लाखापर्यंत आहे.

जायच्या आदल्या दिवशी मी फोन करते. सकाळची पहिली वेळ मागते, फिटचा डोस घेऊनच निघते, आणि तीन गोष्टी सांगते: खुर्ची अर्धीच वाकवा, पाणी थोडं आणि सक्शन (तोंडातलं पाणी-लाळ ओढणारी नळी) सतत चालू, दर अर्ध्या मिनिटाला थांबा. कधी कधी तर त्याच्याच व्हीलचेअरमधे बसवून काम होतं. फाईलच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव, वजन, सगळी औषधं, ॲलर्जी आणि शेवटची फिट कधी आली ते लिहिलेलं असतं, आणि त्याच पानावर खाली मोठ्या अक्षरात: हा बोलत नाही, पण दुखलं की उजवी मूठ आवळतो, मूठ दिसली की थांबा.