सांत्यागोच्या वाटेवर शाकाहारी माणसानं काय खावं आणि कधी खावं

‘तिकडं आपल्याला खायला मिळतं का गं?’ स्पेनमधल्या सांत्यागो दे कोम्पोस्तेलाच्या पदयात्रेचा विषय निघाला की ओळखीतल्या बायका सगळ्यात आधी हेच विचारतात. मिळतं, पोटभर मिळतं. मी नाशिकची, बँकेतून निवृत्त झालेली, अंडं खाते पण मासे-मांस नाही. तिकडे निघणाऱ्यांना मी दोनच गोष्टी बजावून सांगते. एक, स्पेनचं जेवणाचं घड्याळ समजून घ्या. दुसरं, हॅमला, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाला, तिथं बरेच जण मांसात धरतच नाहीत.

आधी वाट ठरवा. पूर्ण ‘कामिनो फ्रान्सेस’, म्हणजे फ्रेंच वाट, फ्रान्सच्या सीमेवरच्या सेंट-जाँ-पिए-द-पोरपासून सुमारे 780 किलोमीटर, म्हणजे महिना-सव्वा महिना. तेवढी रजा आणि तेवढे गुडघे सगळ्यांकडे नसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गालिसिया प्रांतातल्या सारियापासून चालावं: साधारण 115 किलोमीटर, पाच-सहा दिवस. ‘कोम्पोस्तेला’ हे प्रमाणपत्र मिळायला किमान 100 किलोमीटर चालावे लागतात, त्यात हे बसतं. यात्रेकरूचं पासबुक, म्हणजे ‘क्रेदेन्सियाल’, सारियातच दोन-तीन युरोत मिळतं. त्यावर रोज दोन शिक्के घ्यायचे. बार, चर्च, मुक्कामाची जागा, कुठेही देतात. ‘सेयो, पोर फावोर’ म्हटलं की झालं. वाट चुकायची भीती नको, पिवळे बाण सगळीकडे आहेत. वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी 1984 मध्ये ते रंगवायला घेतले, त्या माणसाचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

महिने मे, जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये गर्दी मरणाची. आणि 2027 मध्ये 25 जुलै, म्हणजे ही यात्रा ज्याच्या नावाची त्या संत याकोबाचा दिवस, रविवारी येतोय; तसं झालं की ते पवित्र वर्ष मानतात. त्या वर्षी जायचं असेल तर मुक्काम आधी बुक केल्याशिवाय निघू नका. शेंगेन व्हिसा लागतो, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. ते काम आपला नेहमीचा एजंटही करून देतो, त्यात मी शिरत नाही.

आता घड्याळ. अल्बेर्गेतून, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेतून, सकाळी आठच्या आत बाहेर पडावं लागतं. पण बार उघडे असतीलच असं नाही, लहान गावात तर नाहीच. म्हणून आदल्या संध्याकाळी दोन केळी, पाव, चीज पिशवीत असलंच पाहिजे. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन. दुकानं दोन ते पाच बंद, सुपरमार्केट रविवारी बहुतेक बंदच. रात्रीचं जेवण साडेआठशिवाय तापत नाही आणि अल्बेर्गेचं दार दहाला बंद होतं! काही ठिकाणी यात्रेकरूंसाठी सातला जेवण वाढतात, पण त्याच्या भरवशावर राहू नये. वारीत दिंडीची पंगत बसते, आपण फक्त ताट धरायचं. इथं ज्याची त्याने सोय बघायची. माझा नियम असा: भरपेट जेवण दुपारी, रात्री हलकं आणि स्वतः केलेलं.

दुपारी ‘मेनू देल दिया’ किंवा ‘मेनू देल पेरेग्रीनो’ मागा. बारा ते पंधरा युरोत पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, गोड आणि पाणी किंवा वाइन. दुसऱ्या पदार्थांच्या यादीत मासे-मांसच असतं, तेव्हा तिथं वेळ घालवू नका. सरळ विचारा, ‘पुएदो तोमार दोस प्रिमेरोस?’ म्हणजे पहिल्या यादीतलेच दोन पदार्थ घेऊ का. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. या एका वाक्यावर अख्खी वाट निघते.

मात्र ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. फरसबीवर हॅमचे तुकडे पेरलेले येतात. मिश्र सॅलडवर ट्युना मासा असतो. ‘बोकादियो वेखेताल’ नावाचं सँडविच ऐकायला भाजीचं, पण त्यातही बहुतेक वेळा ट्युनाच. मसुरीच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, गालिसियाच्या पालेभाजी-बटाट्याच्या ‘काल्दो’त डुकराची चरबी. म्हणून सगळं नावानिशी सांगायचं: ‘सोय वेखेतारियाना. नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन, नि आतून.’ म्हणजे मी शाकाहारी; मांस, मासे, हॅम, ट्युना काही नको. पुरुषांनी वेखेतारियानो म्हणावं. कागदावर लिहून नेलं तरी चालतं. आमचे हे तोच कागद काउंटरवर ठेवून मोकळे व्हायचे.

बिनधास्त काय खावं? सकाळी दहाच्या सुमारास बारच्या काउंटरवर काचेखाली ‘तोर्तिया दे पातातास’ येते. बटाटा आणि अंड्याची जाड गोल थापी, कडेनं सोनेरी, मधे किंचित ओलसर. त्याचा त्रिकोणी तुकडा, सोबत पाव आणि कॅफे कोन लेचे, म्हणजे दुधाची कॉफी, एवढ्यावर दहा किलोमीटर आरामात. कांदा नको असेल तर ‘सिन सेबोया’. उन्हाळ्यात पाद्रोनच्या लहान हिरव्या मिरच्या, तेलात परतून वर जाड मीठ. त्यातली एखादीच तिखट निघते आणि ती कोणाच्या वाट्याला येते यावर टेबलावर हसू पिकतं. आपल्याला ती तिखट वाटतच नाही, ते वेगळं. आर्सुआचं मऊ चीज घ्या, त्या गावातून वाट जातेच. पण तिथल्या चिजात बरेचदा प्राण्याचं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. गोडात ‘आर्रोस कोन लेचे’, म्हणजे दालचिनीची भाताची खीर. मेलिदेत सगळे ऑक्टोपस खायला थांबतात, तुम्ही पुढच्या बारमध्ये कॉफी घ्या.

अंडं न खाणाऱ्यांनी सुपरमार्केटशी मैत्री करावी. काचेच्या बरणीत शिजवलेले छोले (‘गार्बान्सोस कोसिदोस’) आणि मसूर मिळतात, धुऊन घेतले की तयार. टोमॅटो, काकडी, ऑलिव्ह तेल, लिंबू घालून दहा मिनिटांत कोशिंबीर होते. गालिसियातल्या सरकारी अल्बेर्गेत दहा युरोत खाट मिळते आणि स्वयंपाकघरही असतं. शेगडी असते, भांडी मात्र बहुतेक नसतात. एक हलकं पातेलं आणि चमचा बरोबर ठेवा. घरून गोडा मसाला, हळद, हिंग आणि मेतकूट न्या. तूप, पेढे, खवा बॅगेत भरू नका; बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. मऊ भात, मेतकूट आणि तुपाऐवजी ऑलिव्ह तेल. वास येऊन एखादा कोरियन यात्रेकरू डोकावतोच, त्यालाही वाढा.

पाणी नळाचं चालतं. वाटेवरच्या झऱ्यावर ‘नो पोताब्ले’, म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलं असेल तर बाटली भरू नका. सारियाच्या वाटेवर दर काही किलोमीटरला बार आहे. लांबची वाट घेणाऱ्यांनी मात्र कार्रियोन दे लोस कोन्देसनंतरचे 17 किलोमीटर लक्षात ठेवा: गाव नाही, भरवशाचं पाणी नाही, सावलीही नावाला. दोन लिटर पाणी आणि खाणं घेऊन पहाटे निघा.

पायांचं थोडक्यात. बूट अर्धा नंबर मोठे आणि घरी महिनाभर वापरलेले, सकाळी बोटांना व्हॅसलीन, पाठीवर आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओझं नको. बॅग पुढच्या मुक्कामाला पोचवणाऱ्या सेवा आहेत. ज्यांचं गुडघं दुखतं त्यांनी खुशाल वापराव्यात, त्यात कमीपणा कसला? गादीचे कोपरे ढेकणांसाठी बघूनच पिशवी खाली टेकवा, आणि ती खाटेवर कधीच नाही.

सांत्यागोत पोचल्यावर आधी रुआ दास कार्रेतासवरच्या यात्रेकरू कार्यालयात जा. ऑनलाइन नोंदणी आधी केली असेल तर रांग लवकर सरते. पाठपिशवी घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत, ती मुक्कामावर ठेवा. मग मागच्या बाजूच्या सान पायो मठात चला. तिथल्या नन्स बदामाचा केक ‘तार्ता दे सांत्यागो’ विकतात, पण त्या दिसत नाहीत: भिंतीत फिरतं लाकडी कपाट आहे, पैसे त्यात ठेवायचे, ते फिरतं आणि केक येतो. मैदा नाही, बदाम, साखर आणि अंडी. सुटे पैसे न्या, आणि दुपारी तिथंही बंद असतं, तेव्हा सकाळीच उरका.