मेडिएशनला जाण्याआधी मुलांच्या खर्चाची वही भरा

पुढच्या महिन्यात मी पुन्हा मेडिएशनला, म्हणजे मध्यस्थापुढे बोलणी करून तोडगा काढायला, बसणार आहे. मुलांच्या वडिलांकडून मुलांच्या खर्चाची रक्कम वाढवून मागायची आहे. ती तीन वर्षांपूर्वीच नीट ठरायला हवी होती. नाही ठरली, कारण मी तयारी चुकीची केली होती. लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, सगळं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावून नेलं होतं. मध्यस्थ मॅडमनी विचारलं, ‘दोन्ही मुलांना मिळून महिन्याला किती लागतात?’ फाइलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. मी अंदाजाने ‘आठ-नऊ हजार’ म्हणाले. समोरून ‘सात देतो’ आलं. साडेसात हजारांवर मिटलं आणि मी सही केली. तो मार्च होता. जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या सत्राची फी, व्हॅनवाल्याचे आगाऊ पैसे, दोन गणवेश, दप्तर, रेनकोट आणि धाकट्याचा चष्मा, असे त्या एका महिन्यात एकवीस हजार गेले.

म्हणून सांगते, इतर कागद राहिले तर पुढच्या तारखेला देता येतात. खर्चाची वही तेवढी आधी भरा.

साधी दोनशे पानी वही घ्या. मागच्या एप्रिलपासून या मार्चपर्यंत मुलांवर जे जे गेलं ते महिन्यावार लिहा. फीच्या पावत्या असतात, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कपाटात सापडतात, ऑनलाइन दिलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात. जे रोखीने गेलं ते आठवून लिहा आणि पुढे ‘पावती नाही’ असंही लिहा, लपवू नका. वर्षातून एकदा येणारा खर्च बाराने भागायचा. फी वर्षाला 36,000 असेल तर महिन्याचे 3,000 धरायचे. मी हेच केलं नव्हतं. रोजचं दूध, भाजी, शिकवणी एवढंच डोक्यात होतं. वर्षातून एकदा येणारे खर्च त्या टेबलावर आठवत नाहीत, तिथे छातीत धडधडत असतं. आज माझ्या वहीत दोन मुलांची महिन्याची सरासरी 14,200 येते.

आता पैशांच्या मदतीचं. पुष्कळ जणी वकिलाच्या फीच्या धास्तीने वर्षानुवर्षं काहीच करत नाहीत. कोर्टाकडून किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, होणाऱ्या मध्यस्थीला पक्षकारांना पैसे पडत नाहीत, मध्यस्थाचं मानधन ते देतात. खाजगी मध्यस्थ असेल तर त्याची फी आपल्याला भरावी लागते, तेव्हा कोणाकडे जाताय ते आधी विचारा. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया आणि मुलं यांना मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही. मला एका खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितला गेला आणि मी त्यासाठी कामावर खाडा करून दोनदा तहसील कार्यालयात गेले. बाईला तो लागत नाही. मागितलाच तर कलम 12 चं नाव घ्या आणि शांतपणे उभ्या राहा.

वडील हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. वर सांगितलेल्या गटांत न बसणाऱ्या पुरुषाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात 3 लाख रुपये. त्यासाठी तहसीलदाराचा दाखला लागतो. सेतू केंद्रातून अर्ज करा आणि तारखेच्या आदल्या आठवड्यात धावू नका, दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. मुलं तुमच्याकडे राहत असतील तर वर सांगितलेली वही तुम्हीही भरायची.

अर्ज कुठे द्यायचा? जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. काही कळेनासं झालं तर 15100 या मदत क्रमांकावर विचारा. केस दाखल न करताही, दाखलपूर्व मध्यस्थीसाठी प्राधिकरणाकडे अर्ज देता येतो. कोर्टाचा शिक्का बसायच्या आधी बोलणं झालं तर बऱ्याच घरांत आवाज चढत नाही, हा माझा अनुभव. अर्जासोबत आधारकार्ड, लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले आणि अडचण काय आहे ते एका पानात लिहून द्या. वकील मोफत मिळाला म्हणजे कमी प्रतीचा, असं समजू नका. मला प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे त्यांच्या यादीतल्या, ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी माझे कागद माझ्यापेक्षा बारकाईने वाचले. पण त्यांनाही मुलांच्या खर्चाचा आकडा मीच द्यायचा होता, आणि तो मी दिला नाही.

कोर्ट फीचंही सांगते. महाराष्ट्रात 1994 च्या शासकीय अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, लग्नसंबंधातून आलेले मालमत्तेचे वाद आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. कोणी भरायला सांगितली तर आधी विचारा. हिंदू विवाह कायद्याखाली केस चालू असेल तर कलम 24 खाली खटल्याचा खर्च आणि तात्पुरती पोटगी मागता येते, नवऱ्याला किंवा बायकोला, ज्याचं स्वतःचं उत्पन्न पुरत नाही त्याला. नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा म्हणतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 125 ची पोटगी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे, 1 जुलै 2024 पासून. जुन्या नंबरवर भांडत बसू नका, वकिलांना माहीत असतं.

आणि पुन्हा वही. सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं ठरवून दिलं. त्याच्या नमुन्यात मुलांच्या शिक्षणाचा, औषधाचा आणि इतर खर्चाचा तपशील भरावा लागतो. तुमची वही भरलेली असेल तर तो भाग अर्ध्या तासात भरून होतो. नसेल तर वकिलांच्या टेबलावर बसून तुम्ही अंदाज सांगाल, आणि अंदाज नेहमी कमी निघतो, कारण आपल्याला जास्त मागायची लाज वाटते. प्रतिज्ञापत्रात समोरच्याचाही आकडा येतो, तो नीट वाचा. पगारपत्रक, कर्जाचे हप्ते, गाडी कोणाच्या नावावर आहे हे सगळं त्यात असतं.

घरात मारहाण झाली असेल, जिवाची भीती असेल, तर मध्यस्थीला बसलंच पाहिजे असं कोणी म्हटलं तरी बसू नका. तोंडी नाही, लेखी कळवा. बसायचंच ठरलं तर वेगळ्या खोलीची आणि वेगळ्या वेळेची मागणी करा. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रार नोंदवता येते.

मध्यस्थीत जे बोललं जातं ते गोपनीय असतं, नाही जमलं तर ते न्यायाधीशांपुढे वापरता येत नाही. म्हणून मोकळेपणाने बोला. पण वहीतल्या पावत्या तुमच्या आहेत, त्या तिथेही चालतात आणि न जमल्यास कोर्टातही चालतात. त्यामुळे वहीवर घातलेला वेळ कुठेच वाया जात नाही.

त्या दिवशी दोन तास आधी निघा, डबा आणि पाणी घ्या, मुलांना शेजारी किंवा आजीकडे ठेवा, टेबलाशी आणू नका. फोन चार्ज करा. बस-रिक्षाचं भाडं आणि बुडालेली मजुरी आपलीच जाते, तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा.

रक्कम ठरू लागली की घाई करू नका. संमतीपत्रात, म्हणजे कन्सेंट टर्म्समध्ये, नुसतं ‘वडील मुलांचा खर्च करतील’ असं वाक्य असेल तर सही नाही. किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी यात धरली आहे की वेगळी, दवाखान्याचं बिल कोणी किती भरायचं, सुट्टीत मुलं तिकडे गेली तर काय. माझ्या कागदावर यातलं फक्त पहिलं होतं. मध्यस्थी ऐच्छिक असते. ‘एक रात्र घरी वाचते, उद्या सांगते’ असं म्हणायचा हक्क आहे. मी म्हटलं नाही.

मुलांची रक्कम नंतर वाढवून घेता येते, कोर्ट परिस्थिती बदलल्यावर आदेश बदलू शकतं. पण पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा, पुन्हा कामावर खाडा. मी आता तेच करतेय.

शेवटचं भराभर सांगते. संमतीपत्राची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागा. खात्याचा क्रमांक नीट तपासा. पुढची तारीख कागदावर लिहून घ्या. वहीच्या तीन झेरॉक्स काढा, एक वकिलांना, एक मध्यस्थांना, एक स्वतःकडे, आणि मूळ वही घरीच ठेवा. माझ्या पानावर काल चष्म्याचे 1,850 आणि व्हॅनचे जूनचे पैसे लिहिले. शिकवणीवाल्या सरांची पावती उद्या आणायची आहे.