नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गट नेताना

दहा जणांच्या वर माणसं घेऊ नका. बस भरून आलेल्या सहली मी पाहिल्यात. पुढच्यांना बदकं दिसतात, मागच्यांना पुढच्यांच्या टोप्या.

नाशिकहून पहाटे साडेपाचला निघा. अंतर चाळीसेक किलोमीटरच, पण डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं आणि उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या चाललेल्या असतात. निफाडची थंडी पेपरात वाचली असेलच, तेव्हा कानटोपी हवीच. कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे. वेफर्सची पाकिटं गाडीतच राहू द्या.

गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साचून पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या, म्हणून इथे एवढे पक्षी. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून हेच जाहीर झालं. सुरुवात चापडगावच्या मनोऱ्यापासून करा आणि गावातला गाईड घ्याच, ‘आम्हाला सगळं कळतं’ म्हणणारे काका सोबत असले तरी. आज थवे कुठे उतरलेत हे गाईडलाच ठाऊक असतं.

ऊन पाठीशी राहील असं उभं राहा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण, एकच असेल तर ट्रायपॉड गटातल्या सर्वांत बुटक्या माणसाच्या उंचीला लावा. उंच माणसं वाकतील. बघताना हात पाठीमागे. धक्का लागला की पक्षी गेलाच. नवख्यांना आधी वारकरी हा पाणपक्षी दाखवा. काळं अंग, पांढरं कपाळ, नजर लगेच बसते. मग थापट्या हे बदक: फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून, मान पुढे घालून तो पाणी गाळत फिरतो. मान वर करेपर्यंत वाट बघा, नराचं हिरवं डोकं उन्हात चमकलं की सगळे ‘अहाहा’ करतात. तेवढा आवाज मी चालवून घेते.

अचानक वारकरी एकमेकांना चिकटून गोळा झाले तर वर बघा, दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो. बदकं उडतात तेव्हा दुर्बीण पंखांवर ठेवा. थापट्याच्या पंखावरचा फिकट निळा पट्टा बसलेल्या पक्ष्यात सहसा दिसतच नाही. थवा मोजायचा तर दहा पक्ष्यांचा गठ्ठा नजरेत बसवायचा आणि तसे किती गठ्ठे होतात ते बघायचं. आकडा तिथेच वहीत लिहा, चहा प्यायल्यावर तो हमखास वाढतो.

आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नका, कॅमेरा कितीही भारी असो.