थकीत बिलांची स्मरणपत्रं एआयकडून लिहून घेताना

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्याचे एक-दोन दिवस तगाद्याच्या पत्रांतच जातात. पार्ट्या नागपूर-भंडाऱ्याच्या तशाच रायपूर-जबलपूरच्या. कोणाला मराठी, कोणाला हिंदी. कोणी पहिल्यांदाच थकलेला, कोणी दर वेळचाच. चॅटजीपीटी, जेमिनी किंवा तसलं कुठलंही साधन इथे कामाला येतं, मात्र त्याच्याकडे फक्त भाषा सोपवायची. रक्कम, दिवस आणि कायद्याचा आधार आपणच पुरवायचा.

आधी आकडे. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये येणे बाकीचा अहवाल उघडा आणि आल्ट-ई दाबून तो एक्सेलमध्ये घ्या. पाचच रकाने ठेवा: पार्टी, बिल क्रमांक, बिलाची तारीख, देय तारीख, बाकी रक्कम. किती दिवस उलटले ते एक्सेलमध्येच, आजच्या तारखेतून देय तारीख वजा करून काढा. या साधनांमागचं भाषा मॉडेल शब्दामागून शब्द अंदाजाने लिहीत जातं. काही साधनं आतल्या आत प्रोग्राम चालवून गणित करतात, पण दर वेळी करतीलच याची खात्री नाही, आणि चुकलेली बेरीजही तितक्याच ठामपणे लिहून येते.

सूत्र मात्र एआयला जरूर विचारा, ते त्याला छान जमतं. सोबत एक्सेलची आवृत्ती सांगा. न सांगितल्यास ते बहुधा एक्सलुकअप (यादीतून हवी ती नोंद शोधणारं नवं सूत्र) देतं. ते एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये नसतं, म्हणून खणात (सेलमध्ये) #NAME? अशी चूक दाखवली जाते. जुन्या आवृत्तीसाठी तेच काम करणारं इंडेक्स-मॅच मागा. तारखांचा घोळ आणखी वाईट: संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर ३ एप्रिलची ४ मार्च होते, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. असा मजकूर खणात डाव्या कडेला चिकटलेला दिसतो. तो आधी दुरुस्त करा.

आता पत्रं. चाळीस पार्ट्यांची चाळीस पत्रं एआयकडून लिहून घेऊ नका. तीनच नमुने घ्या: ३० दिवसांपर्यंत सौम्य, ३१ ते ६० स्पष्ट, ६० च्या पुढे कडक. मग वर्डच्या मेल मर्जने, म्हणजे एक्सेलच्या यादीतून पत्रातल्या रिकाम्या जागा आपोआप भरणाऱ्या सोयीने, नावं आणि रकमा भरा. यामुळे एकही आकडा एआयच्या हाताखालून जात नाही आणि पार्टीचं नाव, बँक खातं, जीएसटी क्रमांकही कार्यालयातच राहतात. जीएसटी क्रमांकाची तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे पॅनच असतो, हे विसरू नका. साधनाच्या सेटिंगमध्ये आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करता येत असेल, तर तीही बंद करा.

सूचना अशी द्या: «आमचा सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. जुन्या ग्राहकाला थकीत बिलाचं स्मरणपत्र मराठीत लिही. बिल ३१ ते ६० दिवस थकलं आहे. भाषा आदराची पण स्पष्ट. ९० शब्दांच्या आत. पार्टी, बिल क्रमांक, तारीख, रक्कम इथे चौकटी कंसात रिकाम्या जागा ठेव. मी न दिलेला कोणताही आकडा, कलम किंवा मुदत घालू नकोस.» सोबत आपलं जुनं, चांगलं उतरलेलं एक पत्र नाव-रक्कम काढून जोडा. लांबलचक वर्णनापेक्षा हा एक नमुना जास्त उपयोगी पडतो. जुनं पत्र श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी यूनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर एआयला नुसती विस्कटलेली अक्षरं मिळतात.

सूचनेतलं शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. कडक पत्र मागितलं की एआय एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यातले «४५ दिवस» घालू शकतं आणि ते बिलाच्या तारखेपासून मोजू शकतं. २००६ च्या या कायद्यात दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, तीही ४५ दिवसांच्या आतली, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हा हक्क सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा आहे, मध्यम उद्योगांचा नाही. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याने उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणी) केली असली तरी केंद्राच्या जुलै २०२१ च्या आदेशानुसार त्याला फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाचा लाभ आहे. त्याच्या पत्रात हे कलम आलं तर समोरच्याचा सीए पहिल्याच वाचनात ते खोडून काढेल आणि पुढच्या पत्राचं वजनही जाईल.

नमुना हातात आला की मोठ्याने वाचा. «आम्ही आशा करतो की हे पत्र आपल्याला कुशल असताना मिळेल» असलं वाक्य आपल्याकडे कोणी लिहीत नाही, ते काढून सरळ «सप्रेम नमस्कार» घाला. «बहुमूल्य सहकार्य» वगैरेही उडवा. रायपूर-जबलपूरसाठी मराठी पत्राचं भाषांतर मागू नका, त्याच सूचनेने हिंदी पत्र वेगळं लिहून घ्या. मराठीतला «हप्ता» तसाच हिंदीत गेला तर «तीन हप्त्यांत भरा» याचा अर्थ तीन आठवड्यांत भरा असा होतो. तिथे «किस्त» हवा.

मर्ज करताना वर्ड एक्सेलची आकड्यांची मांडणी उचलत नाही: १,२५,००० चे स्वल्पविराम गळतात, पैशांच्या जागी कधी लांबलचक दशांश येतात. म्हणून एक्सेलमध्ये रकमेचा वेगळा रकाना करून टेक्स्ट सूत्राने ती मजकुरात बदला. लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह हे सूत्र एआयकडूनच मागा आणि ४८,५०० व १,२५,००० अशा दोन्ही रकमांवर चालवून पाहा. मग तिन्ही गटांतली दोन-दोन पत्रं छापून खातेवहीशी ताडा, आणि सर्वात मोठ्या बाकीचं पत्र सहीला देण्याआधी पूर्ण वाचा.